फांद्या पाण्यात कशाला बुडवायच्या?



मागील अंकातील एका छायाचित्राविषयी बरीच विचारणा झाली. कोरड्या पडलेल्या तलावाच्या तळावर बायका आणि तरुण मुले काटेरी फांद्यांच्या मोळ्या बांधत आहेत आणि एक म्हातारे बाबा त्यांत दगड अडकवत आहेत, असे ते चित्र होते. एका मंडळीतून प्रश्न आला, हे सरपणाचे वाटप आहे का? एका ज्येष्ठ भगिनींनी तर फोनवर स्पष्टच म्हटले, "ताई, लोकांना चुलीला लाकूड मिळत नाही आणि तुम्ही ते पाण्यात घालता?" प्रश्न रास्त आहे. दोन ओळींत त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून संपादकांकडून ही पाने मागून घेतली.

त्या मोळ्या म्हणजे माशांसाठी पाण्याखाली केलेले निवारे आहेत. आसरा हा शब्द जास्त गोड होता, पण पाण्याच्या काठी तो उच्चारला की गावात त्याचा वेगळाच अर्थ होतो. लोक स्वतः नुसते 'ढीग' म्हणतात. मीही पुढे तेच म्हणते.

आधी तलावाविषयी. तापी नदीवरचे उकाई धरण गुजरातमध्ये आहे आणि ते १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा मागे आपल्या नंदुरबार जिल्ह्यापर्यंत येतो. धरण पूर्ण भरले की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३४५ फूट असते, आणि वापरासाठी ती २७० फुटांपर्यंत खाली नेता येते. म्हणजे ७५ फुटांचा फरक. दरवर्षी पाणी एवढे खाली जातेच असे नाही, पण दरवर्षी ते चढते आणि उतरते. धरणाच्या भिंतीजवळ राहणाऱ्याला हा फरक काठावर दिसतो. आपले लोक तलावाच्या शेपटाकडे राहतात. तिथे तळ उथळ आहे, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाणी दूरवर मागे सरकते. दिवाळीत घराखाली बांधलेली होडी उन्हाळ्यात चिखलात बसलेली असते, आणि पाणी गाठायला तंगडतोड करावी लागते.

पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर कष्ट करून रिकाम्या हातांनी परतले, हे आपण वाचतो. फुगवट्यावर उन्हाळ्यात अशा रात्री नेहमीच्या आहेत. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे जातात आणि मुले शाळेतून उठतात. जे मागे राहतात त्यांच्यापैकी काहींना हिवाळ्यात होडीचा खर्च निघण्याइतकी मासळी मिळते, काहींना तीही नाही. हिवाळ्यात घराजवळ रोजची थोडी तरी मासळी मिळाली तर काही घरे कोयता घेऊन जाणार नाहीत. आमचा सगळा खटाटोप तेवढ्या 'थोडी तरी'साठी आहे.

चढत्या-उतरत्या तलावात मासे विरळ का होतात? नदीच्या किंवा जुन्या तळ्याच्या काठाला लव्हाळे, पाणगवत, झाडांची मुळे असतात. लहान मासा तिथे लपतो, तिथेच खातो. धरणाच्या काठाला हे टिकत नाही. पाणवनस्पती रुजते तोवर पाणी उतरते आणि ती वाळते. कोरड्या जमिनीवर काही उगवते तोवर पाणी चढते आणि ते कुजते. वर्षानुवर्षे हे झाले की काठ म्हणजे नुसता उघडा गाळाचा उतार राहतो. मत्स्यखाते किंवा सोसायटी तलावात रोहू-कटल्याची बोटुकली सोडते, म्हणजे बोटाएवढी पिले. त्या उघड्या उतारावर ती पाणकावळ्यांच्या आणि मोठ्या माशांच्या तोंडी पडतात. पिलांचे पैसे पाणकावळ्यांनी खाल्ले असे लोक हसत म्हणतात, पण ते हसण्यासारखे नाही.

अशा उघड्या उतारावर फांद्यांचा ढीग ठेवला तर काय होते? काही आठवड्यांत फांद्यांवर बुळबुळीत थर चढतो. त्यात शेवाळ असते, बारीक जीव असतात, किड्यांच्या अळ्या असतात. छोटे मासे तो थर खायला आणि लपायला येतात, झिंगे येतात. छोट्यांच्या मागे मरळ आणि शिंगाडा येतात. रोहूला हा थर खरवडून खायची सवयच आहे. बांगलादेशात तळ्यांत बांबू रोवून पाहिले, तेव्हा त्यावरचा थर खाऊन रोहू चांगला वाढतो असे संशोधकांना आढळले. कटला मात्र वरच्या थरातल्या पाण्यातले सूक्ष्म जीव खातो. त्याला ढिगाशी फारसे देणेघेणे नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण बाजारात भाव कटल्याला आहे, आणि "ढीग टाका, कटला येईल" असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. ढिगापाशी येतो तो रोहू, चिलापी, मरळ, झिंगे आणि घरच्या कालवणाची बारीक मासळी.

ही युक्ती आम्ही शोधलेली नाही. आसाममधल्या बीलांत आणि बांगलादेशात फांद्या टाकून मासे जमवण्याची जुनी रीत आहे. श्रीलंकेत नेगोंबोच्या खाडीत ती आहे, आफ्रिकेत बेनिन देशातल्या नोकुए सरोवरात तिला अकाद्जा म्हणतात. अमेरिकेत तर नाताळ संपल्यावर टाकून दिलेली ख्रिसमस ट्री गोळा करून तलावांत बुडवतात! आमच्या मुलांना ही गोष्ट फार आवडली. आमच्याकडे त्या झाडाच्या जागी विलायती बाभूळ आहे, एवढाच फरक.

आता मुख्य मुद्दा, जो छायाचित्रात दिसत नव्हता. पाणी एका पातळीवर राहणाऱ्या तळ्यात ढीग कुठेही बरा ठेवला की काम झाले. चढत्या-उतरत्या तलावात जागेवरच सगळे ठरते. समजा, एका जागेचा तळ ३२५ फुटांवर आहे. तलाव ३४५ ला भरला तेव्हा तिथे २० फूट पाणी आहे. पातळी ३३५ झाली की १० फूट. ३२५ झाली की ढीग उन्हात पडलेला. मग सगळे ढीग पहिल्यापासून खोल का टाकू नयेत? कारण फार खोल पाण्यात उजेड पोहोचत नाही, थर नीट चढत नाही, आणि ऊन वाढले की तळाचे पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही, त्यात प्राणवायू कमी पडतो. तिथे मासा थांबत नाही. ढीग साधारण चार फुटांपासून पंधरा फुटांपर्यंतच्या पाण्यात असतो तोवर कामाचा. म्हणजे एकच ढीग वर्षभर कामाचा राहू शकत नाही. पायऱ्या कराव्या लागतात. वरची पायरी हिवाळ्याच्या सुरुवातीला काम करते, ती उघडी पडू लागली की मासा खालच्या पायरीवर जातो, मग त्याच्या खालच्या.

पायऱ्या ठरवायच्या कशा? उकाईची पातळी फुटांत वर्तमानपत्रात येते, पण आपल्या नाल्यात त्या आकड्याचा अर्थ काय हे वर्तमानपत्र सांगत नाही. सोसायटीच्या पोरांनी सोपा मार्ग काढला. दिवाळीला पाण्याची कड जिथे होती तिथे एक खुंटी ठोकली. नाताळाला दुसरी. संक्रांतीनंतर एक, होळीला एक, आणि मे संपताना शेवटची. उन्हाळ्यात कोरड्या उतारावर उभे राहिले की त्या खुंट्यांतून गेल्या वर्षाचे पाणी डोळ्यांना दिसते. मग प्रत्येक खुंटीपासून उताराने खाली चालत जायचे, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने खोली मोजायची, आणि खुंटीपेक्षा दोन पुरुष खाली, म्हणजे दहा-बारा फूट, ढिगांची रांग लावायची. नाताळाच्या खुंटीखालची रांग नाताळाला दहा-बारा फूट पाण्यात असते, आणि तिच्यावर फारसे पाणी उरत नाही तोवर संक्रांतीची रांग तयार असते. धर्मशास्त्राच्या पदविकेत मला हे कोणी शिकवले नव्हते, मी ते नळीचे एक टोक धरून शिकले.

म्हणूनच हे काम मे महिन्यात, कोरड्यात करायचे. होडीतून ढीग टाकणे म्हणजे आंधळा कारभार, तो कुठे आणि कसा बसला ते कळत नाही. कोरड्यात तो हवा तिथे, हवा तसा उभा करता येतो, खुंटाला बांधता येतो, आणि पाऊस आला की पाणी स्वतःच त्याच्यावर चढते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. पाणी ओसरलेल्या जमिनीत काही घरे गाळपेर करतात, हरभरा, भुईमूग, काकड्या घेतात. त्या तुकड्यांत ढीग आला तर भांडण ठरलेले, म्हणून आधी गाळपेरवाल्यांना विचारायचे, मग खुंटी धरायची. तलाव पाटबंधारे खात्याचा आणि मासेमारीचा हक्क सोसायटीचा, तेव्हा दोघांची परवानगी कागदावर हवी.

ओढ्याच्या थेट तोंडाशी ढीग लावू नये. श्रावणातला पूर त्याला गाळाने भरून टाकतो. उतारावरचा उंचवटा, जुना बांध, बुडालेल्या विहिरीची कड या जागा चांगल्या. आणि या जागा कोणाला माहीत? ज्यांची गावे या पाण्याखाली गेली त्यांना. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की जुन्या घरांची जोती वर येतात. छायाचित्रातले बाबा लहानपणी तिथे राहत होते. ते काठी टेकत चालतात आणि सांगतात, इथे आमची विहीर होती, इथे चिंच होती, इथून गुरे उतरायची. जोत्याच्या दगडांत मासा आधीपासून राहतो, म्हणून पहिले ढीग त्या जोत्यांना लागूनच लावले. बाबांच्या स्वतःच्या घराच्या जोत्यापाशी मात्र त्यांनी ढीग लावू दिला नाही. कारण कोणी विचारले नाही.

आता लाकडाविषयी, कारण फोनवरच्या भगिनींचा प्रश्न त्याचाच होता. राखीव जंगलातली एक फांदीही आम्ही वापरत नाही. विलायती बाभूळ बांधावर माजलेली आहे, घाणेरी जंगलाच्या कडेला माजलेली आहे. दोन्ही तोडल्याने कोणाचे नुकसान नाही. फांद्या आधी उन्हात ठेवून पाने झाडून टाकायची. ओली पाने पाण्यात कुजतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. शेर आणि गेळ ही झाडे वर्ज्य. शेराचा चीक आणि गेळाचे फळ मासे गुंगवायला पूर्वी वापरत, हे इथल्या प्रत्येक आजीला माहीत आहे. बांबू मिळाला तर उत्तम. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आहे, त्यामुळे जिथे सामूहिक हक्क मिळाला आहे तिथे ग्रामसभा तो देऊ शकते. बांबू पोकळ असतो, म्हणून प्रत्येक पेराला भोक पाडावे लागते. नाहीतर दगड खाली आणि बांबू वर, असा तमाशा होतो.

मोळी घट्ट बांधू नये. कोपरापर्यंत हात आत जाईल एवढ्या फटी हव्यात, नाहीतर फक्त अगदी बारीक मासा आत जातो. दगड मोळीच्या बुडाला बांधायचा, म्हणजे फांद्या पाण्यात उभ्या राहतात. आडवी पडलेली मोळी लवकर गाळात जाते.

किती टिकते? सतत पाण्याखाली राहिलेले लाकूड पुष्कळ वर्षे राहते. सतत कोरडेही राहते. आलटून पालटून ओले-कोरडे होणारे सर्वांत लवकर कुजते. त्यामुळे खालच्या पायऱ्या तशाच राहतात, वरच्या दरवर्षी दुरुस्त कराव्या लागतात. शिवाय वरच्या पायऱ्या उघड्या पडल्या की बायका त्यातल्या वाळक्या फांद्या चुलीला नेतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. माशाने हंगामभर वापरलेली फांदी शेवटी चुलीत गेली, तर लाकूड वाया गेले असे कसे म्हणावे?

तरंगता ढीगही करता येतो. बांबूचा तराफा, त्याखाली लटकणाऱ्या फांद्या, आणि तळाशी दोराने बांधलेला मोठा दगड. तो पाण्याबरोबर चढतो-उतरतो, पण पाणी उतरले की दोर सैल पडून तराफा दुसऱ्याच्या जाळ्यात जातो. त्यावर उपाय असा, की दोर तराफ्याच्या कडीतून ओवून दुसऱ्या टोकाला हलका दगड लोंबता ठेवायचा. तो सैल दोर खेचून घेतो. पाणी निम्म्यावर येईपर्यंत हे चालते, नंतर लोंबता दगडच तळाला टेकतो. आमच्या उथळ शेपटात पाणी निम्म्यावर यायला वेळ लागत नाही, म्हणून आम्ही पायऱ्यांनाच धरून आहोत.

आता अवघड गोष्ट. ढीग मासे जमवतो. तो मासे निर्माण करतो का? थोडेसे, पिलांना वाचवून आणि खाणे देऊन. पण मुख्यतः तो विखुरलेले मासे एका जागी आणतो. रोहू, कटला, मृगळ हे ढिगात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. तेव्हा जमलेला सगळा मासा आपण उचलला, तर तलाव पूर्वीपेक्षा लवकर रिकामा होईल, आणि ढीग हेच त्याचे साधन ठरेल. उन्हाळ्यात तर फार. पाणी आटते, सगळा मासा उरलेल्या खोलगट भागात येतो, आणि पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे मासे त्यातच असतात. म्हणून सोसायटीपुढे आमचे म्हणणे आहे की सर्वांत खालची पायरी होळीपासून पाऊस येईपर्यंत कोणी मारू नये. मरळीची जोडी लाल पिलांच्या थव्यावर पहारा करताना दिसली, तर ती कोणत्याही पायरीवर सोडून द्यावी.

दुसरा वाद ढीग कोणाचा हा. बेनिनमध्ये अकाद्जांवरून भांडणे झाली, ज्यांच्याकडे पैसा त्यांनी पाणी अडवले, आणि लाकडासाठी काठाची झाडे गेली. आपल्याकडे तसे व्हायला वेळ लागणार नाही. ढिगामुळे एक चांगले होते, ओढजाळे फांद्यांत अडकते, त्यामुळे मोठे जाळे घेऊन येणारा तिथून दूर राहतो आणि गळवाल्याला, छोट्या उभ्या जाळ्यावाल्याला जागा मिळते. पण गळ टाकणारे बहुतेक होडी नसलेले, सोसायटीचे सभासदही नसलेले. ज्या बायकांनी दगड वाहिले त्यांच्यापैकी फार थोड्यांचे नाव सभासदांच्या यादीत आहे. ढीग बांधणाऱ्याला त्यावर गळ टाकण्याचा हक्क असावा, असे मी बैठकीत म्हटले. एका काकांनी उत्तर दिले, "ताई, तुम्ही उद्या निघून जाल, यादी आम्हाला सांभाळायची आहे." त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण यादी बदलता येते, आणि यंदा दोन पाड्यांतल्या बायकांनी सभासदत्वाचे अर्ज भरले आहेत. त्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे. प्रार्थनेत हा विषय जरूर ठेवा.

मदतीविषयी थोडे. एका बंधूंनी जुने टायर देऊ केले. प्रेमाबद्दल आभार, पण टायर नकोत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख टायर माशांसाठी समुद्रात टाकले. बांधण्या तुटल्या, टायर लाटांनी सरकून प्रवाळावर आदळले, आणि पुढे ते पाणबुड्यांकरवी काढावे लागत आहेत. जुनी जाळीही नकोत, त्यांत अडकून मासा उगाच मरतो. सिमेंटच्या प्लास्टिक गोण्या उन्हात सुटून त्यांचे धागे पाण्यात जातात. हवे आहे ते काथ्याचा दोर, गंज न चढणारी जस्ती तार आणि दगड भरायला तागाची रिकामी पोती. रिकामे रंगीत डबेही चालतील. पाणी उतरताना बांबूची टोके पाण्याच्या अगदी खाली येतात आणि रात्री होडीला लागतात, म्हणून प्रत्येक रांगेवर खुणेचा डबा तरंगत ठेवावा लागतो. पाऊस लागला की हेच डबे काढून घेऊन पुढच्या वर्षी वापरतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ढीग बांधायला सुरुवात होईल. तरुण संघातल्या ज्यांना हात लावायला यायचे आहे त्यांनी पहाटे यावे, दहानंतर तळावर उभे राहवत नाही. जाड तळाचे बूट घालावेत. सुकलेल्या गाळात गेल्या वर्षीच्या बाभळीचे काटे असतात, आणि ते चपलेतून आरपार जातात.